दुसरा सासुके

माझ्या लिहिण्याच्या टेबलासमोर भिंतीवर एक जांभई चिकटवलेली आहे. मांजराची जांभई. जबडा ताणता येईल तितका ताणलेला, सुळे उघडे पडलेले, टाळूवरच्या आडव्या वळ्या मोजता याव्यात इतक्या स्पष्ट, आणि मधोमध पन्हळीसारखी वळलेली जीभ. डोळ्यांच्या जागी दोन तिरप्या रेघा. चित्र काळंपांढरं आहे, एका मैत्रिणीच्या पुस्तकातल्या पानाची झेरॉक्स. झेरॉक्स मशीनने मधले बरेचसे करडे रंग गिळून टाकलेत आणि काळं आणखी काळं केलंय. घरी पहिल्यांदा येणारं माणूस त्याच्यासमोर थबकतंच. आधी वाघ वाटतो. मग खांदे सैल सोडून म्हणतं, "अगं बाई, मांजर!"

त्या चित्रातल्या मांजराचं नाव सासुके. त्याला गोंडस म्हणता येत नाही. कॅलेंडरवरची मांजरं टोपलीत बसतात, गळ्यात रिबीन बांधून घेतात, मोठे डोळे करून आपल्याकडे बघतात. हा बघत नाही. त्याला झोप आलेली आहे किंवा नुकती संपलेली आहे, आणि आपण समोर आहोत याने त्याला काही फरक पडत नाही. सकाळी खिडकीतून ऊन आलं की पहिल्यांदा त्याच्या सुळ्यांवर पडतं. संध्याकाळी दिवा लावेपर्यंत फक्त जबड्याची काळी पोकळी दिसत राहते, बाकीचं मांजर भिंतीत विरून जातं. काम अडलं की मी त्याच्याकडे बघते. तो धीर देत नाही, घाईही करत नाही. अशी सोबत घरातल्या माणसांना जमत नाही.

पण सासुके हे नाव मुळात याचं नव्हे. ज्याचं होतं, तो हरवला.

गोष्ट १९७७ सालची, टोकियोतली. मासाहिसा फुकासे नावाच्या छायाचित्रकाराकडे मांजराचं एक पिल्लू आलं. फुकासे तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा. पिल्लू इतकं उड्या मारणारं की त्याने त्याला सासुके म्हणायला सुरुवात केली. सारुतोबी सासुके हा जपानी मुलांच्या गोष्टींमधला निन्जा. आडनावातच माकड आणि उडी हे दोन शब्द आहेत. नाव ठेवून दहाएक दिवस झाले आणि पिल्लू नाहीसं झालं. फुकासेने आसपासच्या भिंतींवर पोस्टरं लावली. काही दिवसांनी कोणीतरी अनोळखी माणूस पिल्लू घेऊन दारात उभा राहिला. सापडला तुमचा सासुके, म्हणून.

तो सासुके नव्हता. फुकासेला बघताक्षणी कळलं. ज्याचं सगळं आयुष्य बघण्यात गेलं, त्याला न कळून कसं चालेल? पण पिल्लू हरवलेल्याच्याच वयाचं होतं, हातात आलेलं होतं. त्याने ते ठेवून घेतलं आणि त्याला सासुके म्हणू लागला. माझ्या भिंतीवर जांभई देतो तो हा, दुसरा.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला टोकियो दिसलंच नाही. राजापूर तालुक्यातलं आमचं घर दिसलं, मागची पडवी, आणि चुलीजवळ ठेवलेली जर्मनची वाटी.

आमच्या आजीच्या घरी मांजरीला एकच नाव होतं, मनी. करडी मनी, पांढरी मनी, अर्ध्या शेपटीची मनी, सगळ्या मनीच. माझ्या लहानपणी तरी मी चार मोजल्या. ते नाव नव्हतंच, घरातली एक जागा होती, आणि ती जागा रिकामी राहू शकत नव्हती. भाताची कणगी होती, उंदीर होते, आणि माशांची डोकी कोणाला घालायची हा रोजचा प्रश्न होता. रात्री चूल विझली की मनी वैलापाशी येई आणि कोमट राखेत अंगाचं वेटोळं करून झोपे. सकाळी आजी चूल पेटवायला आली की राखेने माखलेली उठे, पाठीची कमान करी, आणि अशीच जांभई देई.

मग एखादी मनी जाई. कोल्हा नेई, साप चावे, किंवा नुसतीच जाई. वाटीतलं दूध दोन-तीन दिवस तसंच राही. आजी संध्याकाळी खळ्याच्या कडेला उभी राहून "मने, मने, मने" अशी लांब हाक घाली. ती हाक वाडीभर ऐकू जायची. तीच आमची पोस्टरं. आणि पावसाच्या आधी केव्हातरी कुठलंसं मरतुकडं पिल्लू माडाच्या बुंध्याशी येऊन केकाटू लागे. आजी कंबरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघे आणि आत ओरडून सांगे, "आली गो मनी!"

मला एकदा फार राग आला होता. मी सात-आठ वर्षांची असेन. अर्ध्या शेपटीची मनी माझी होती, म्हणजे माझ्या पायाशी झोपायची, आणि तिच्या जागी आलेल्या काळ्या पिल्लाला तिचं नाव द्यायला माझी तयारी नव्हती. मी आजीला म्हटलं, ही मनी नाहीच आहे. आजीने वाटीत दूध ओतता ओतता म्हटलं, "तिला काय ठावूक, आधी कोण होती ती? भूक लागलीय, ती तरी दिसते ना तुला?" मी त्या पिल्लाला कितीतरी दिवस हाक मारली नाही. ते माझ्या पायाशी येऊन झोपायचं ते झोपतच राहिलं.

फुकासेने काय केलं हे मला म्हणूनच कळलं, आणि तो जे पुढे करत गेला ते आजीने केलं नव्हतं, हेही कळलं. आजीने दूध दिलं. फुकासे त्याच्यासमोर जमिनीवर आडवा झाला, हातात कॅमेरा धरून.

त्याचं आडवं होणं किती मोठं होतं हे समजायला थोडं मागे जावं लागतं. फुकासे होक्काइदो बेटावरच्या बिफुका या गावचा. घरचा फोटो स्टुडिओ १९०८ पासूनचा, आजोबांनी काढलेला. शाळकरी वयापासून धुतलेल्या फोटोंच्या पाण्यात त्याचे हात बुडालेले. हायपोचा वास ज्यांच्या बोटांना लहानपणीच लागतो त्यांची त्या धंद्याशी माया आणि वैर दोन्ही जडतं, तसं त्याचं झालं. स्टुडिओ सांभाळायचा तो थोरला मुलगा टोकियोत राहिला, जाहिरातींच्या कंपन्यांत नोकऱ्या केल्या, मग स्वतंत्र झाला. १९७४ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने नव्या जपानी छायाचित्रकलेचं प्रदर्शन भरवलं, त्यात तो होता. त्याच वर्षी तोमात्सु, मोरियामा, अराकी, होसोए या छायाचित्रकार मंडळींबरोबर त्याने टोकियोत एक फोटोग्राफीची शाळाही सुरू केली.

या सगळ्या काळात त्याने सर्वांत जास्त फोटो काढले ते त्याच्या बायकोचे, योकोचे. १९६४ मध्ये त्यांचं लग्न झालं. १९७३ साली ती रोज सकाळी कामावर जायला निघाली की तो चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत कॅमेरा घेऊन उभा राही आणि खाली रस्त्यावर उभ्या असलेल्या तिला टिपे. कधी ती हसते, कधी हात पसरून आरोळी ठोकते, कधी छत्रीखालून वर बघते, कधी वैतागलेली आहे. ही चित्रं मी पुन्हा पुन्हा बघितली आहेत आणि दर वेळी मला तिच्या मानेची काळजी वाटते. सतत वर बघायचं. नवऱ्याचा चेहरा दिसण्याऐवजी चार मजले उंचीवर एक भिंग.

त्याच साली योकोने एका छायाचित्र-मासिकात लेख लिहिला. शीर्षकातच नवऱ्याला सुधारण्यापलीकडचा आत्मकेंद्री म्हटलेलं होतं. दहा वर्षं या माणसाने मला भिंगातूनच बघितलं, आणि माझे म्हणून त्याने जे फोटो काढले ते खरं तर त्याचे स्वतःचे होते, असा त्या लेखाचा आशय. एखाद्या छायाचित्रकाराबद्दल इतकं नेमकं वाक्य कोणा समीक्षकालाही लिहिता आलं नसतं असं मला वाटतं. १९७६ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला.

मग त्याने कावळ्यांचे फोटो काढायला घेतले. होक्काइदोकडे जाताना, गाडीच्या डब्यातून, समुद्रावरून, तिन्हीसांजेला. कानाझावामध्ये एका झाडावर बसलेल्या थव्यावर त्याने फ्लॅश मारला, तर अंधारातल्या प्रत्येक कावळ्याच्या जागी डोळ्याचा एक पांढरा ठिपका उमटला. या फोटोंचं पुस्तक १९८६ साली निघालं आणि त्याचं नाव जगभर झालं. २०१० मध्ये एका ब्रिटिश मासिकाने जाणकारांकडून गेल्या पंचवीस वर्षांतलं उत्तम छायाचित्र-पुस्तक निवडून घेतलं, तेव्हा कौल या कावळ्यांना मिळाला. आपण स्वतःच कावळा झालो आहोत असं फुकासेने त्या दिवसांत लिहून ठेवलं होतं. आपल्याकडे पिंडाला शिवण्यासाठी ज्याची वाट बघतात तो पक्षी एका माणसाने इतकी वर्षं कॅमेऱ्यातून पाहत राहावं, हे मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको.

आणि याच वर्षांत, म्हणजे आकाशाकडे मान वर करून कावळे टिपत असतानाच, घरी तो पोटावर सरपटत सासुकेचे फोटो काढत होता.

मला या माणसाबद्दल जे म्हणायचं आहे ते हेच. बायकोला त्याने वरून पाहिलं. कावळ्यांना खालून. मांजराला त्याने समोरून पाहिलं, त्याच्या उंचीवर येऊन. आपण इतका वेळ पोटावर पडून मांजराच्या नजरेला नजर लावून फोटो काढले की आपण मांजरच झालो, असं त्याने पुढे लिहिलं. कावळा होणं आणि मांजर होणं या दोन्हींत खूप अंतर आहे. कावळा होताना तो एकटा पडत गेला. मांजर होताना, त्याच्याच शब्दांचा भाव सांगायचा तर, ते आनंदाचं काम होतं, आवडत्या जिवाशी खेळत खेळत, ऋतू बदलतील तसतसं केलेलं.

पोटावर पडल्याने काय होतं, ते करून बघावं. मी बघितलं आहे. घरातली फरशी मैदानासारखी पसरते. खुर्चीचे पाय खांब होतात. दाराच्या फटीतून येणारा उजेड ही मोठी घटना होते. आणि मांजराचा चेहरा, जो वरून बघताना नेहमी दोन कान आणि पाठ एवढाच असतो, तो पहिल्यांदा चेहरा म्हणून समोर येतो. मांजराचा डोळा बनला आहे तोच या उंचीसाठी. २०१५ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी वेगवेगळ्या प्राण्यांच्या बाहुल्या तपासल्या. दबा धरून शिकार करणाऱ्या ज्या प्राण्यांच्या बाहुल्या उभ्या फटीसारख्या असतात, ते बहुतेक सगळे बुटके निघाले, खांद्याची उंची ४२ सेंटिमीटरहून कमी. जमिनीलगतच्या डोळ्याला पुढचं अंतर अचूक जोखायला अशी फट उपयोगी पडते, असं त्यांचं म्हणणं. वाघ उंच, म्हणून वाघाची बाहुली आपल्यासारखी गोल. त्याची मावशी त्याच्याहून वेगळी बघते.

ही बाहुली अंधारात पूर्ण गोल होते आणि दुपारी तांदळाच्या कण्याएवढी बारीक रेघ उरते. माणसाच्या बाहुलीचं क्षेत्र जास्तीत जास्त पंधरा पटींनी कमी-जास्त होतं, मांजराचं सुमारे १३५ पटींनी. कॅमेऱ्याच्या भिंगातली उघडमिट करणारी झडप हेच काम करते. म्हणजे फुकासे आणि सासुके समोरासमोर पडलेले असताना दोन झडपा एकमेकींकडे बघत होत्या, एक धातूची आणि एक जिवंत. काळ्यापांढऱ्या चित्रात मांजराची बाहुली बघून तेव्हा उजेड किती होता ते सांगता येतं. घड्याळ नको, टीप नको.

आणि काळंपांढरंच का, हेही मला सासुकेनेच शिकवलं. पट्टेदार मांजर म्हणजे ब्रोमाईड पेपरवर उमटू शकणाऱ्या सगळ्या छटांची जणू यादीच असते. कुठे पाटीसारखं काळं, कुठे राख, कुठे धूर, कुठे ताकासारखं पांढुरकं. डार्करूममध्ये लाल दिव्याखाली अशा मांजराचा कागद डेव्हलपरमध्ये टाकला की आधी पट्टे येतात, मग डोळ्यांच्या कडा, मग नाकाचा शेंडा, आणि सगळ्यात शेवटी, आता येत नाहीत असं वाटत असताना, मिशा. लाल-केशरी रंग मांजराला स्वतःलाही फारसे दिसत नाहीत. एकरंगी मांजर मात्र फोटोवाल्याला फसवतं. कॅमेऱ्यातलं प्रकाशमापक यंत्र समोरची प्रत्येक गोष्ट मध्यम करडी आहे असं धरून चालतं. त्याचं ऐकलं तर काळी मांजर राखाडी होते आणि पांढरी मांजर मळकट. काळीला उजेड कमी द्यावा लागतो, पांढरीला जास्त. यंत्र सांगतं त्याच्या उलट जाण्याइतका विश्वास आपल्या डोळ्यांवर असला तरच मांजर खरं उमटतं.

फुकासेचा मित्र दाइदो मोरियामा याने १९७१ साली मिसावा गावच्या रस्त्यावर एका भटक्या कुत्र्याचा फोटो काढला होता. मान वळवून मागे बघणारं, अंगावर सगळ्या शहराची धूळ घेतलेलं कुत्रं. ते चित्र मोरियामाची ओळखच होऊन बसलं. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली तर फरक दिसतो. ते कुत्रं आपल्याला जोखतंय, हल्ला करावा की निघून जावं याचा हिशेब त्याच्या डोळ्यांत चाललाय. रस्त्यावरच्या फोटोंमध्ये बहुधा असंच असतं. दोन अनोळखी जीव, एक क्षण, आणि मग दोघं दोन दिशांना. सासुकेही रस्त्यावरूनच आलेला, पण तो राहिला. अनोळख्याने आणलेला अनोळखी. रस्त्यावरच्या फोटोत जो क्षण असतो तो फुकासेने घरी आणला आणि वर्षानुवर्षं पुरवून वापरला.

कुत्रं माणसाला धरून असतं आणि मांजर घराला, असं आपल्याकडे म्हणतात. पोत्यात घालून नदीपार सोडलेली मांजर चार दिवसांनी परत आल्याच्या गोष्टी प्रत्येक गावात असतात. सासुकेला हे लागू पडलं नाही. फुकासे त्याला गाडीत घालून लोकांच्या घरी नेई, आणि त्याला प्रवासाची सवय झाली. त्याचं घर म्हणजे बहुतेक तो माणूसच असावा, किंवा त्या माणसाचं पोटावर पडणं. १९७८ मध्ये जोडीला मोमोए नावाची मांजरीण आली. दोघांची मिळून चित्रांची तीन पुस्तकं निघाली, सगळी १९७९-८० च्या सुमारास.

त्यातल्या एका पुस्तकात फुकासेने जे लिहिलं, ते मला बरेच दिवस छळत होतं. जगातली सुंदर मांजरं टिपायची नव्हती, तर त्यांच्या बाहुल्यांत आपलं प्रतिबिंब पडलेलं असताना त्यांचं लाघव टिपायचं होतं. म्हणजे हा संग्रह एका अर्थी आपलंच आत्मचित्र आहे, सासुके आणि मोमोएच्या रूपातलं. वाचून माझ्या पोटात खड्डा पडला. योकोने केलेली तक्रार हीच नव्हती का? पुन्हा तेच? बायकोच्या चेहऱ्यात स्वतःला शोधलं, आता मांजराच्या डोळ्यांत?

मी भिंतीवरच्या जांभईकडे बघत राहिले. आणि मला वाटतं, फरक आहे. बाहुलीत प्रतिबिंब दिसायचं तर आधी नाकाला नाक लागेल इतकं जवळ जावं लागतं, आणि समोरच्याने ते चालवून घ्यावं लागतं. चौथ्या मजल्यावरून हे होत नाही. योको वर बघत राहिली, कारण तिचं त्याच्यावर प्रेम होतं आणि तिला वाटत होतं की तो कधीतरी कॅमेरा खाली करेल. मांजर असली वाट बघत नाही. कंटाळा आला की उठून जातं, आणि जायचाही कंटाळा आला तर जांभई देतं. योकोने लेख लिहिला. सासुकेने तोंड उघडलं आणि डोळे मिटून घेतले. डोळे मिटले की बाहुली नाही, बाहुली नाही की प्रतिबिंब नाही. या एका चित्रात फुकासे कुठेच दिसत नाही. आहे तो फक्त सासुके, दातांपासून घशापर्यंत उघडा, आणि पूर्ण स्वतःपुरता. असं चित्र फुकासेने टाकून दिलं नाही, ठेवलं, हे मला त्याच्या बाजूने बोलायला पुरतं.

पुढचं दुःखद आहे. १९९२ च्या जूनमध्ये शिंजुकूतल्या गोल्डन गाई या छोट्या बारच्या गल्लीत एका बारच्या जिन्यावरून तो पडला. डोक्याला मार लागला, आणि त्यातून तो पुन्हा स्वतःत आला नाही. वीस वर्षं तसाच राहिला, २०१२ च्या जूनमध्ये गेला. योकोने तोवर दुसरा संसार मांडला होता, तरी ती त्याला भेटायला नेमाने जात असे. डोळ्यासमोर कॅमेरा असला की त्याला दिसायचं, आता दिसत नाही, असं तिने म्हटलं. हे तीच म्हणू शकत होती. मधल्या काळात त्याची बरीचशी निगेटिव्हज आणि प्रिंटा कोणाच्या नजरेला पडल्या नाहीत. २०१४ पासून त्याच्या कामाची नीट जपणूक सुरू झाली आणि २०२१ साली पॅरिसमधून 'सासुके' हे पुस्तक निघालं. माझ्या मैत्रिणीकडे आहे ते हे.

झेरॉक्स काढून आणली त्या आठवड्यात मी आमच्या घरचा जुना फोटो शोधून काढला. १९७२ च्या मे महिन्यातला, खळ्यात काढलेला. तालुक्याहून फोटोवाला बोलावला होता. तो पोचेस्तोवर ऊन उतरलं होतं, म्हणून त्याने तिपाई लावली आणि हलू नका म्हणून तीनदा बजावलं. कोणी हललं नाही. आजी खुर्चीत ताठ, आजोबा टोपी घालून, मागे काका, बाबा, आत्या. आईच्या मांडीवर मी, सहा महिन्यांची. सगळे कोरल्यासारखे स्पष्ट. आणि उजव्या कोपऱ्यात, तुळशीवृंदावनाच्या पायाशी, एक करडा पुसट पट्टा, जणू ओल्या फोटोवरून कोणी बोट फिरवलंय. नीट बघितलं तर एका टोकाला कानासारखं काही आहे. उजेड कमी, झडप सावकाश मिटलेली, आणि तेवढ्यात कोणीतरी आपल्या वाटेने निघून गेलेलं.

आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे, रत्नागिरीला असते. तिच्याकडे गेले तेव्हा फोटो बरोबर नेला. तिने चष्मा चढवला, प्रत्येक चेहऱ्यावर बोट ठेवून नाव घेतलं, गेलेल्यांची नावं जरा थांबून घेतली. कोपऱ्याशी बोट आलं तेव्हा मी विचारलं, "आत्या, ही कुठली मनी? करडी, की तिच्या आधीची पांढरी?"

"ही काय," ती म्हणाली, "मनी."

"हो गं, पण कुठली?"

आत्याने फोटो खिडकीकडे धरला, जवळ आणला, लांब नेला. मग त्या पुसट पट्ट्यावरून अंगठा फिरवला, शेपटीकडून डोक्याकडे, आणि पुन्हा डोक्याकडून शेपटीकडे.

"अगो, आपली," ती म्हणाली, आणि आत वळून सुनेला हाक मारून दुधाचं विचारलं.